संततिनियमनाचे प्रवर्तक : र. धों. कर्वे

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात समाजसुधारणेची जी मोठी चळवळ उभी राहिली, तिच्या केंद्रस्थानी स्त्रीजीवनाचे प्रश्न होते. बालविवाह, सक्तीचे वैधव्य, केशवपन, शिक्षणाचा अभाव या अन्यायांविरुद्ध महात्मा जोतीराव फुले, सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई, गोपाळ गणेश आगरकर, महर्षी धोंडो केशव कर्वे अशा अनेकांनी आपले आयुष्य वेचले. त्यांच्या प्रयत्नांमुळे स्त्री शिकू लागली, विधवेच्या पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा होऊ लागला. परंतु एक प्रश्न मात्र घराच्या चार भिंतींआडच राहिला. स्त्रीने किती मुलांना जन्म द्यावा, केव्हा द्यावा आणि हे कोणी ठरवावे, हा तो प्रश्न होय. त्याचा नुसता उच्चारही अशिष्ट मानला जात असे. हा प्रश्न उघडपणे मांडण्याचे आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष कृतीने देण्याचे धैर्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखविले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. धोंडो केशव कर्वे आणि राधाबाई यांचे ते पुत्र. त्या काळच्या रीतीप्रमाणे राधाबाईंचा विवाह वयाच्या आठव्या वर्षी झाला होता. वर चौदा वर्षांचा होता. १८९१ मध्ये राधाबाईंचे बाळंतपणात निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते आणि रघुनाथ नऊ वर्षांचा होता.

बाळंतपणात स्त्रीचा मृत्यू होणे ही त्या काळी जगावेगळी घटना नव्हती. त्यामागे केवळ वैद्यकीय सोयींचा अभाव होता असेही नाही. मुलीचे शरीर पुरते वाढण्यापूर्वीच तिच्यावर मातृत्व येऊन पडे. एक मूल अंगावर पीत असतानाच दुसऱ्याची चाहूल लागे. घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरेल ते तिच्या वाट्याला येई, त्यामुळे गरोदरपणातही तिचे पोषण होत नसे. मुलगा झाला नाही तर पुन्हा पुन्हा बाळंतपणे सोसावी लागत. मूलच झाले नाही तर तिला वांझ ठरवून पती दुसरा विवाह करण्यास मोकळा असे. पत्नी वारली तरी पुरुषाच्या संसाराची घडी पुन्हा बसत असे. पती वारला तर स्त्रीचे आयुष्यच संपल्यासारखे होई. या साऱ्यात स्त्रीची इच्छा विचारण्याची पद्धतच नव्हती. स्त्रीच्या आरोग्याचा प्रश्न हा तिच्या अधिकारहीनतेचा प्रश्न होता, हे ओळखणारे लोक फार थोडे होते. रघुनाथराव पुढे त्यांपैकी एक झाले.

राधाबाईंच्या निधनानंतर धोंडो केशव कर्वे यांनी कुमारिकेशी विवाह करण्याचे नाकारले. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत असलेल्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. यामुळे मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले. समाजाच्या विरोधात पाऊल उचलले म्हणजे काय भोगावे लागते, हे बालवयातील रघुनाथाने आपल्याच घरात पाहिले. त्याचबरोबर विचारांवर निष्ठा असेल तर विरोध सोसता येतो, हेही त्याला उमगले असले पाहिजे. पुढे धोंडो केशवांनी हिंगणे येथे अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन करून स्त्रीशिक्षणाचे महान कार्य केले.

रघुनाथराव अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी होते. १८९९ मध्ये झालेल्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते गणिताचे अध्यापन करू लागले. गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते १९१९ च्या सुमारास पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम अवगत होती. युरोपातील वास्तव्यात लैंगिक आरोग्य, गुप्तरोग आणि संततिनियमन या विषयांवरील शास्त्रीय विचारांशी त्यांचा परिचय अधिक दृढ झाला. गणिताच्या अध्ययनामुळे कोणतीही गोष्ट पुराव्यावाचून न स्वीकारण्याची वृत्ती त्यांच्या ठिकाणी बाणली होती. परंपरा सांगते किंवा बहुजन मानतात, एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, असे त्यांचे मत होते. शरीराविषयीच्या प्रश्नांकडेही ते याच दृष्टीने पाहू लागले.

१९२१ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र समजले जाते. याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असे केंद्र उघडले होते. ज्या विषयात इंग्लंडसारखा देश नुकता कुठे पहिले पाऊल टाकत होता, त्यात मुंबईतील एक गणिताचा प्राध्यापक आपल्या हिमतीवर उतरला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना येते. या केंद्रात गर्भधारणा टाळण्याच्या साधनांची माहिती दिली जाई आणि ती साधने उपलब्ध करून दिली जात. १९२३ मध्ये त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तक लिहून ही माहिती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचविली. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही त्यांनी लेखन केले.

त्या काळी देशाची वाढती लोकसंख्या आणि दारिद्र्य यांची सांगड घालून संततिनियमनाचा पुरस्कार करणारे काही विचारवंत होते. रघुनाथरावांनाही हा मुद्दा मान्य होता. तथापि त्यांच्या विचाराचा गाभा निराळा होता. गर्भाचा भार जिला वाहावा लागतो, प्रसूतीच्या वेदना जिला सोसाव्या लागतात आणि प्रसंगी जिचा प्राण जातो, तिला आई व्हायचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. विवाहात स्त्री ही पुरुषाची मालमत्ता नसून त्याच्या बरोबरीची व्यक्ती आहे. त्यामुळे वैवाहिक सुखावरही तिचा तेवढाच हक्क आहे, असे ते निर्भीडपणे मांडत. पतीने बाहेरून आणलेल्या गुप्तरोगाचे दुःख निरपराध पत्नीला आणि तिच्या बालकांना भोगावे लागते, ही गोष्टही त्यांनी वारंवार समाजाच्या निदर्शनास आणली. पुरुषाला एक नीती आणि स्त्रीला दुसरी, हा भेदच त्यांना अमान्य होता.

हे विचार ऐकून घेण्याची समाजाची तयारी नव्हती. रघुनाथराव त्या वेळी मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात प्राध्यापक होते. या विषयावरील त्यांचे लेखन व प्रचार महाविद्यालयाच्या चालकांना रुचला नाही आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. प्रतिष्ठेची व निश्चित उत्पन्नाची नोकरी गेली. कार्य सोडून दिले असते तर त्यांना सुखाने जगता आले असते. परंतु त्यांनी नोकरी सोडणे पसंत केले. स्त्रीशिक्षणाच्या कार्याला प्रारंभी विरोध झाला तरी कालांतराने त्यास देणग्या मिळाल्या, मान्यताही मिळाली. रघुनाथरावांचा विषयच असा होता की त्याला उघड पाठिंबा देण्यास सुशिक्षित मंडळीही कचरत असत. खासगीत सल्ला विचारणारे लोक चारचौघांत त्यांची ओळख दाखविण्याचे टाळत.

या खडतर वाटचालीत त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी त्यांना मनःपूर्वक साथ दिली. त्यांचे माहेरचे नाव गंगू गोखले. रघुनाथरावांनी पत्करलेल्या मार्गात पैसा नव्हता, प्रतिष्ठा नव्हती. उलट निंदाच अधिक होती. मालतीबाईंनी स्वतः अर्थार्जन करून संसाराचा भार उचलला. मूल होऊ न देण्याचा निर्णय या दांपत्याने घेतला. या निर्णयासाठी रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गर्भधारणा होऊ द्यायची नसेल तर त्याचा शारीरिक भार स्त्रीनेच उचलला पाहिजे, असे गृहीत धरणे हाही विषमतेचाच एक प्रकार आहे. रघुनाथरावांनी लोकांना जे सांगितले, ते आधी आपल्या संसारात आचरून दाखविले. अपत्यहीन स्त्रीला समाजात पदोपदी अपमान सोसावा लागे, अशा काळात मालतीबाईंनी हा निर्णय निभावून नेला. त्यांचे धैर्यही पतीच्या धैर्याहून कमी नव्हते.

जुलै १९२७ मध्ये रघुनाथरावांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. व्यक्तीच्या आणि समाजाच्या शारीरिक व मानसिक आरोग्याची चर्चा करणे, हा त्याचा हेतू होता. संततिनियमन, गुप्तरोग, विवाहसंस्था, वेश्याव्यवसाय, घटस्फोट, स्त्रीपुरुषसमता अशा विषयांवरील लेख त्यात प्रसिद्ध होत. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हे मासिकाचे एक वैशिष्ट्य होते. ज्या शंका आईवडिलांना विचारता येत नसत, डॉक्टरांपुढेही मांडण्याचा संकोच वाटे, त्या लोक या मासिकाकडे पत्राने पाठवीत. रघुनाथराव त्यांना सरळ, शास्त्रीय आणि स्पष्ट भाषेत उत्तरे देत. लेखन, संपादन आणि व्यवस्था यांचा बराचसा भार ते स्वतःच वाहत. वर्गणीदार थोडे, खर्च अधिक, अशा स्थितीतही त्यांनी अखेरपर्यंत मासिक बंद पडू दिले नाही.

सनातनी मंडळींनी या मासिकावर अश्लीलतेचा आरोप केला. १९३१ मध्ये एका लेखासाठी रघुनाथरावांवर खटला होऊन त्यांना शंभर रुपये दंड झाला. पुढे १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला भरण्यात आला. या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिलेले सर्वच लेखन अश्लील ठरत नाही आणि लोकांच्या मनातील गैरसमज ज्ञानानेच दूर करता येतात, अशी बाजू बाबासाहेबांनी न्यायालयात मांडली. तरीही निकाल विरुद्ध गेला आणि रघुनाथरावांना दोनशे रुपये दंड झाला. त्या काळी त्यांच्यासारख्या उत्पन्न नसलेल्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. परंतु दंड भरल्यानंतरही मासिकाचा सूर बदलला नाही.

याच सुमारास या प्रश्नाची चर्चा देशभर होऊ लागली होती. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने शासकीय संततिनियमन केंद्रे उघडण्यास प्रारंभ केला. तमिळ प्रदेशात पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी स्त्रीच्या मुक्तीसाठी संततिनियमन आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले. १९३५ च्या अखेरीस अमेरिकेतील कार्यकर्त्या मार्गारेट सँगर यांनी वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेतली. लहान कुटुंब गांधीजींनाही मान्य होते. मात्र त्यासाठी कृत्रिम साधनांऐवजी संयमाचा मार्ग त्यांना योग्य वाटे. रघुनाथरावांना हे मत पटत नव्हते. ज्या घरात पत्नीला नकार देण्याचा अधिकारच नाही, तेथे संयमाचा उपदेश तिचे रक्षण करू शकत नाही, हे वास्तव त्यांना दिसत होते. १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने प्रभाकर रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराविषयीचा ठराव मांडला. तो संमत झाला नाही. तथापि मुंबईच्या एका लहानशा केंद्रात सुरू झालेला विषय आता विधिमंडळापर्यंत पोहोचला होता.

रघुनाथरावांच्या कार्याचा वारसा पुढे नेणाऱ्यांत शकुंतला परांजपे यांचे नाव अग्रगण्य आहे. केंब्रिज येथे गणिताचे शिक्षण घेतलेल्या शकुंतलाबाईंनी १९३८ पासून संततिनियमनाच्या कार्याला वाहून घेतले. खेडोपाडी जाऊन त्यांनी स्त्रीपुरुषांना या विषयाची माहिती दिली. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम शासनाच्या वतीने सुरू करणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. ज्या कार्यासाठी रघुनाथरावांची नोकरी गेली आणि त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, ते आता राष्ट्राचे धोरण बनले होते. त्यानंतर वर्षभरातच, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा ठरला. सव्वीस वर्षांहून अधिक काळ अखंड चाललेले एक व्रत तेथे संपले.

कोणत्याही विचारवंताप्रमाणे रघुनाथरावांनाही त्यांच्या काळाच्या काही मर्यादा होत्या. त्या वेळी जगभरातील संततिनियमनाच्या चळवळीवर सुप्रजननशास्त्राचा, म्हणजे कोणी प्रजोत्पादन करावे व कोणी करू नये हे ठरवू पाहणाऱ्या विचाराचा, प्रभाव होता. रघुनाथरावही त्यापासून पूर्णपणे अलिप्त नव्हते. आज हा विचार अशास्त्रीय आणि अन्यायकारक म्हणून त्याज्य मानला जातो. परंतु स्त्रीची इच्छा आणि तिचे आरोग्य यांना त्यांनी दिलेले महत्त्व मात्र आजही तितकेच मोलाचे आहे.

त्यांच्या विचाराचे हे मोल पुढील इतिहासावरून अधिक स्पष्ट होते. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुरुषांची संख्या ६० लाखांपेक्षा जास्त होती आणि अनेकांवर सक्ती करण्यात आली होती. या सक्तीमुळे लोकांच्या मनात कायमची भीती बसली. त्यानंतर पुरुष या शस्त्रक्रियेपासून दूर गेले आणि कुटुंबनियोजनाचा जवळजवळ संपूर्ण भार स्त्रियांवर येऊन पडला. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, तिच्यात धोकाही कमी असतो. तरीसुद्धा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, १५ ते ४९ वयोगटातील विवाहितांमध्ये स्त्रीने शस्त्रक्रिया करून घेतल्याचे प्रमाण ३७.९ टक्के होते, तर पुरुषाने करून घेतल्याचे प्रमाण केवळ ०.३ टक्के होते. म्हणजे ज्या देशात एका प्राध्यापकाने स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेऊन उदाहरण घालून दिले, त्या देशात त्यांचे अनुकरण करणारे पुरुष हजारात तीनच निघाले.

याच सर्वेक्षणात देशातील जननदर प्रत्येक स्त्रीमागे सरासरी दोन मुले इतका खाली आल्याचे आढळले. कुटुंब लहान झाले. पण निर्णय समानतेने होऊ लागले असे म्हणता येत नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींचे प्रमाण, २० ते २४ वयोगटातील स्त्रियांमध्ये, २३.३ टक्के होते. बाळाचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. तरीही मुलगी झाली म्हणून दोष मातेलाच दिला जातो. गर्भलिंगनिदानाचा गैरवापर रोखण्यासाठी १९९४ मध्ये कायदा करावा लागला. दुसऱ्या बाजूला, १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने सज्ञान स्त्रीला विशिष्ट अटींवर सुरक्षित गर्भपाताचा मार्ग खुला केला आणि त्यासाठी केवळ तिचीच संमती आवश्यक मानली. पतीच्या संमतीची अट त्यात नाही. स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय स्त्रीचा, हे रघुनाथरावांचे तत्त्व कायद्याने एवढ्यापुरते तरी मान्य केले आहे. अशा तरतुदींची माहिती अनेक स्त्रियांपर्यंत पोहोचलेली नसते, ही मात्र खेदाची गोष्ट आहे.

रघुनाथरावांना हयातीत मानसन्मान लाभले नाहीत. त्यांच्या वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च किताब मिळाला. पुत्राच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी समाजाला त्यांची थोरवी हळूहळू उमगू लागली. २००१ मध्ये अमोल पालेकर यांनी त्यांच्या जीवनावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि नव्या पिढीला त्यांची ओळख करून दिली. वयाच्या आठव्या वर्षी विवाह आणि सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू, हे राधाबाईंचे प्राक्तन त्या काळी असंख्य स्त्रियांचे प्राक्तन होते. ते दैवाने लिहिलेले नसून माणसांनी घडविलेले आहे, म्हणून माणसांना ते बदलताही येते, हा विश्वास रघुनाथरावांनी आयुष्यभर जपला. आज जी स्त्री आपल्या पतीशी विचारविनिमय करून दोन मुलांत किती अंतर ठेवावे हे ठरविते, आणि जो पती त्या निर्णयाची जबाबदारी पत्नीबरोबर वाटून घेतो, ती दोघेही, त्यांना ठाऊक असो वा नसो, रघुनाथराव व मालतीबाई कर्वे यांच्या वाटेने चालत असतात.